आकाशबंदीचा हुकूम वस्तीपर्यंत पोहोचला पाहिजे

वानखेडेवर किंवा नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठा सामना ठरला की वर्तमानपत्रांची पाने खेळाडूंच्या फोटोंनी भरून जातात. त्याच दिवसांत पोलिसांचा एक मनाई आदेश निघतो आणि तो कुठल्यातरी कोपऱ्यात चार ओळींत छापला जातो. ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवर चालणारी छोटी विमाने, गरम हवेचे फुगे उडवण्यास बंदी. भंग करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई. या चार ओळी चळवळीच्या माणसाने का वाचायच्या, असा प्रश्न काही समाजबांधवांना पडेल. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. सामन्याच्या वेळी आकाशाचा बंदोबस्त करायला आमचा विरोध नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलियात एका परदेशी विमानातून शस्त्रे टाकली गेली. तेच विमान काही दिवसांनी पुन्हा भारतीय हद्दीत आले, तेव्हा ते मुंबईत उतरवण्यात आले; पण मुख्य सूत्रधार किम डेव्ही मुंबई विमानतळावरूनच निसटला. पुढे २६ नोव्हेंबर २००८ ला या शहराने जे भोगले ते सर्वांना ठाऊक आहे. हजारो माणसे एका मैदानात बसलेली असताना वरून काही येणार नाही याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. त्या गर्दीत आपलीही माणसे असतात, निदान खुर्च्या पुसायला आणि बाहेर पाणी विकायला तरी असतातच.

ही काळजी कशी घेतली जाते? २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर भारत-श्रीलंका विश्वचषक अंतिम सामना झाला. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे हजर होते. मैदानावरचे आकाश उड्डाणबंदी क्षेत्र ठरवले होते. अशा वेळी वैमानिकांसाठी 'नोटॅम' नावाची सूचना निघते. कोणत्या वेळेत, किती उंचीपर्यंत, किती अंतरात विमान आणायचे नाही हे तीत नेमके लिहिलेले असते. विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रण कक्षातले अधिकारी त्यानुसार विमानांचे मार्ग वळवतात, काहींना जमिनीवर थांबवतात, काहींना आकाशात घिरट्या घालायला लावतात. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. तरी तिथे तासाला चाळीसहून अधिक विमाने चढतात-उतरतात. म्हणजे अर्धा तास आकाश बंद ठेवले तर वीसेक विमानांचा खोळंबा होतो. म्हणूनच बंदीचा प्रत्येक मिनिट हिशेबाने मोजावा लागतो.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विमान कंपनीला आणि वैमानिकाला ही सूचना वेळ, उंची आणि अंतर यांच्या आकड्यांसह आधी मिळते. मग भिवंडीच्या गल्लीत राहणाऱ्या नागरिकाला तशी सूचना का मिळू नये? आमचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

घटनेच्या सातव्या परिशिष्टात हवाई वाहतूक केंद्राकडे आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि क्रीडा राज्याकडे. मैदानावरचे आकाश बंद करायचे तर दोघांनाही आपापले काम करावे लागते. विमानांसाठी केंद्राचे यंत्रणेने बांधलेले नियम, आणि खालच्या माणसांसाठी पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश. पहिला हुकूम नेमका असतो. दुसरा ढोबळ असू शकतो.

जगात काय चालते तेही पाहू. अमेरिकेत तीस हजार किंवा त्याहून अधिक आसनांच्या मैदानावर मोठा सामना असेल, तर सुमारे साडेपाच किलोमीटर अंतरात आणि तीन हजार फुटांपर्यंत उड्डाणबंदी असते. सामन्याच्या एक तास आधीपासून संपल्यानंतर एक तासापर्यंत. २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला दीडशे किलोमीटर त्रिज्येचे आकाश बंद केले होते; पण तेही एका संध्याकाळपुरते. प्रवासी विमान मिनिटाला सात-आठ किलोमीटर कापते, म्हणून त्याच्यासाठी मोठे वर्तुळ लागते. लग्नात फोटो काढणाऱ्या ड्रोनला ते लागत नाही. आणि आपल्याकडे? १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या अंतिम सामन्याच्या वेळी ४५ मिनिटे आकाश बंद राहिले, ते हवाई दलाच्या कसरतींसाठी. कसरती चांगल्याच होत्या. पण तमाशा आणि सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरून चालणार नाही.

आता कायद्याकडे वळू. ड्रोन नियम २०२१ मध्ये 'तात्पुरते लाल क्षेत्र' ही तरतूद आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याला एखाद्या भागात ड्रोनबंदी करता येते; पण एका वेळी ९६ तासांपेक्षा अधिक नाही, ती डिजिटल नकाशावर दाखवावी लागते, आणि क्षेत्र वाजवीपेक्षा मोठे होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. म्हणजे वेळ, जागा आणि प्रसिद्धी ही तिन्ही बंधने अधिकाऱ्यावर आहेत. दुसरीकडे जुने कलम १४४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ झाले, त्याखालचा आदेश दोन महिने चालू शकतो आणि अख्ख्या आयुक्तालयाला लागू करता येतो. चार दिवसांचा नेमका कायदा हाताशी असताना दोन महिन्यांचा ढोबळ हुकूम काढणे म्हणजे माशी मारायला हातोडा घेणे. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितले आहे की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांना कारणे हवीत, बंदी धोक्याच्या प्रमाणात हवी, आणि तेच आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग ठरेल.

भिवंडीचा संबंध इथे येतो. सरळ रेषेत मोजले तर भिवंडी वानखेडेपासून पंचेचाळीसेक किलोमीटर आणि डी. वाय. पाटीलपासून तीस किलोमीटरच्या आत आहे. ती ठाणे पोलीस आयुक्तालयात येते. त्याच आयुक्तालयात कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरही आहेत. आदेशात 'संपूर्ण आयुक्तालय हद्द' असे तीन शब्द पडले की सामन्याशी काडीचा संबंध नसलेली लाखो माणसे त्याखाली येतात. आयपीएलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. त्याच्या ऐन मध्यावर १४ एप्रिल येते! जयंतीच्या मिरवणुकीचे ड्रोनने चित्रीकरण करणारी आपली पोरे आज वस्तीवस्तीत आहेत. लूमवर बारा तास राबलेल्या बापाच्या पोराने कर्ज काढून कॅमेरा घेतलेला असतो. त्याने आदेश वाचलेला नसतो, कारण तो त्याच्यापर्यंत आलेलाच नसतो. पूर्वी कलम १८८ खाली अशा अवज्ञेला साधारणपणे एक महिना कैद आणि दोनशे रुपये दंड होता. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली तीच कैद सहा महिन्यांपर्यंत आणि दंड अडीच हजारांपर्यंत गेला आहे. ड्रोन जप्त झाला की पोराचा धंदा बसतो, हप्ते मात्र थांबत नाहीत.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हव्यात. कलम २२३ च्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला केवळ पोलिसांच्या एफआयआरवरून घेता येत नाही. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. नुसता आदेश मोडणे पुरेसे नाही. तो आरोपीला माहीत होता आणि मोडल्यामुळे अडथळा किंवा धोका झाला किंवा होण्याची शक्यता होती, हेही दाखवावे लागते. आणि कलम १६३ चा आदेश जाचक वाटला तर तो रद्द करा किंवा बदला असा अर्ज कोणत्याही बाधित नागरिकाला करता येतो. अर्जदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. हे हक्क कागदावर आहेत. ते वापरणारी माणसे उभी करणे हे आपले काम आहे.

मूलभूत हक्क अनिर्बंध नसतात, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्वतः मांडले होते. पण त्यांनी घटनेत निर्बंधाच्या आधी 'वाजवी' हा शब्द बसू दिला, आणि निर्बंध वाजवी आहे की नाही ते तपासण्याचा अधिकार न्यायालयाला राहिला. तो शब्द विसरून चालणारा अधिकारी सुरक्षा देत नाही, फक्त भीती निर्माण करतो.

भिवंडीला हे कुणी शिकवण्याची गरज नाही. मे १९७० च्या दंगलीनंतर न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवले. १९८४ ला शहर पुन्हा जळाले. पण १९८८ नंतर इथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पोलीस आणि वस्तीतली साधी माणसे एका सतरंजीवर बसू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. बंदुका वाढवून जे साधले नव्हते ते माहिती आणि विश्वास यांनी साधले. आकाशाच्या सुरक्षेलाही हाच नियम लागू आहे. संशयास्पद ड्रोन उडताना सर्वात आधी गच्चीवरचा माणूस पाहतो. त्याला आरोपी समजायचे की पहारेकरी करायचे, हे शासनाने ठरवावे.

खर्चाचाही हिशेब मागितला पाहिजे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत उद्घाटन आणि समारोपाच्या संध्याकाळी राजधानीचे आकाश काही तास बंद होते. त्याच स्पर्धेसाठी अनुसूचित जाती उपयोजनेचे सुमारे सातशे कोटी रुपये वळवले गेले, आणि तत्कालीन गृहमंत्री चिदंबरम यांना ऑगस्ट २०१० मध्ये राज्यसभेत ते चूक असल्याचे मान्य करावे लागले. दलितांच्या वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा पैसा कुणाच्या रोषणाईत गेला? इकडे महाराष्ट्रात सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे कोट्यवधी रुपये थकले, आणि शासनाने जून २०२३ मध्ये ते शुल्क मागील तारखेपासून कमी केले. प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेले. श्रीमंत खेळाला सवलत आणि गरीब पोराला दंड, ही कोणती सुव्यवस्था?

आपल्याही लोकांना दोन शब्द सांगणे भाग आहे. मिरवणुकीत आकाशात लेझर सोडणे बंद करा. उतरणाऱ्या विमानाच्या वैमानिकाचे डोळे त्याने दिपतात. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. आपल्या जिल्ह्याच्या डोक्यावरची वर्दळ वाढतच जाणार. अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोनने धंदा करायचा असेल तर नोंदणी करा, चालकाचे प्रमाणपत्र घ्या. बाबासाहेबांच्या जयंतीला बेकायदा वस्तू वापरणे आपल्याला शोभत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. ड्रोनबंदी शक्यतो ९६ तासांच्या तरतुदीखाली आणि मैदानाच्या परिसरापुरती करावी. आदेशात तारीख, वेळ आणि हद्द लिहावी. तो मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगूत निघावा, कारण भिवंडीचे लूम या चारही भाषा बोलणारी माणसे चालवतात. तो पोलीस ठाण्याच्या फलकावर अडकून न राहता मोहल्ला कमिटीत, बुद्धविहारात, मशिदीत, यंत्रमाग कामगारांच्या नाक्यावर वाचून दाखवावा. प्रत्येक विहाराच्या कार्यकारिणीने पुढच्या हंगामाआधी आपल्या पोलीस ठाण्याला हे लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. पोच घेतलेला कागद उद्या न्यायालयात बोलतो.

जयभीम!