मंडईला विरोध केला, म्हणून पाटीवर नाव?

पुण्यात भाजी घ्यायला आपण 'महात्मा फुले मंडई'त जातो. गंमत अशी, की ही मंडई बांधूच नये असं म्हणणाऱ्यांत खुद्द महात्मा फुले होते!

जोतिराव 1876 ते 1883 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणाकडे वळवा, असा त्यांचा आणि सहकारी हरी रावजी चिपळूणकरांचा आग्रह. तो कोणी ऐकला नाही. 1886 मध्ये मंडई उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव लागलं. 'रे मार्केट'. पुढे अर्धशतकानं आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले, स्थायी समितीचे अध्यक्ष झाले आणि लॉर्डसाहेबांच्या जागी जोतिरावांचं नाव आलं. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं तेही अत्र्यांच्याच खटपटीनं. नाटककाराला नावं ठेवायची हौस असतेच. इथे ती शहराच्या कामी आली.

जोतिरावांचा हा एकच विरोध नव्हे. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते. स्वागतासाठी 1000 रुपयांचा खर्च सभेपुढे आला. बत्तीस सभासदांपैकी नकाराचा हात एकच, जोतिरावांचा. आज कमानी, फटाके आणि क्रेनला लटकवलेले हार बघताना हा हिशेब हटकून आठवतो.

आता खर्चाचाच विषय निघालाय तर मुंबईला चला. सीएसएमटीसमोरची महापालिकेची ती देखणी दगडी इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची, पूर्ण झाली 1893 मध्ये. मंजूर रक्कम 11 लाख 88 हजार 82 रुपये, झालेला खर्च 11 लाख 19 हजार 969. म्हणजे 68 हजार 113 रुपये उरले. हो, उरले! वाढीव खर्चाला मंजुरी मागायची वेळच आली नाही. त्याच पालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या पुढे गेला. त्यातलं किती उरणार, हे विचारायला स्थायी समितीच नव्हती. नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्येच संपलेली आणि कारभार प्रशासकाकडे.

सभागृह भरतं तेव्हा तिथली मराठी ऐकण्यासारखी असते. प्रस्ताव नाकारला असं कोणी म्हणत नाही, तो 'दप्तरी दाखल' होतो. म्हणजे सन्मानानं पुरला जातो. नको असलेला विषय 'राखून ठेवतात', अडचणीची सभा 'तहकूब' करतात. पुण्यात 'उपसूचना' नावाचं एक गोंडस हत्यार आहे. मूळ विषय ड्रेनेजचा असतो, उपसूचना येते भलत्याच भूखंडाची, आणि दोन्ही एका दमात मंजूर. सभेत डुलकी लागली असेल तर अशा वेळी जागं व्हावं.

आणि राजदंड! महापौरांसमोर ठेवलेला तो दांडा (पुण्यात त्याला मानदंड म्हणतात) हे सभागृहाच्या अधिकाराचं चिन्ह. विरोधकांचा आवाज बसला की कोणीतरी तो उचलून पळायला बघतं. मग सुरक्षारक्षक एक टोक धरतो, नगरसेवक दुसरं सोडत नाही, तिसराच कोणी मध्ये पडतो, कागद उडतात. पाणीपुरवठ्यावरची चर्चा तिथेच राहते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो मात्र दांड्याचा. पाण्यासाठी आंदोलन करणाऱ्यांकडे याहून जुना उपाय आहे: नळाचं गढूळ पाणी बाटलीत भरून आणायचं आणि अधिकाऱ्यांना प्यायचा आग्रह करायचा. तो आग्रह कोणी स्वीकारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

एका मताची किंमत काय, हे 2017 मध्ये मुंबईच्या प्रभाग 220 ला विचारावं. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आधी विजयी ठरले. भाजपचे अतुल शहा यांनी फेरमोजणी मागितली, तर दोघांच्याही पदरात 5946 मतं! शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. एका लहान मुलीनं हात घातला आणि शहा नगरसेवक झाले. जी मुलगी स्वतः मत देऊ शकत नव्हती, तिनंच निकाल लावला. त्या दिवशी 'एका मतानं काय होतंय' म्हणून घरी झोपलेला मतदार त्या प्रभागात नक्की असणार. त्याला पुढे झोप कशी लागली, कोण जाणे.

नगरसेवकपदाला कमी लेखू नका. मनोहर जोशी, नारायण राणे, देवेंद्र फडणवीस, एकनाथ शिंदे, या चारही मुख्यमंत्र्यांनी सुरुवात महापालिकेतून केली. फडणवीस तर 27 व्या वर्षी नागपूरचे महापौर होते. गटार तुंबल्याचा फोन पहाटे घेण्याची सवय असली की मंत्रालय सोपं जात असावं.

आमच्या गल्लीत एक बाक आहे. बसायला दोघं मावतात, पण पाठीवरचं '... यांच्या विकासनिधीतून' हे नाव चौघांइतकं रुंद. शेजारच्या फ्लेक्सवर 'पाठपुराव्याला यश' असं लिहिलंय. यश कशाला मिळालं तो भाग पावसात फाटला.

बाकी, मुंबईच्या महापौरांचा शिवाजी पार्कचा बंगला बाळासाहेब ठाकरे स्मारकासाठी गेल्यावर त्यांना भायखळ्याला राणीच्या बागेतला बंगला मिळाला. शेजारी वाघ, पाणघोडा आणि पेंग्विन. एवढा आवाज करणारे शेजारी, पण एकाचंही मतदारयादीत नाव नाही. महापौरांना याहून सुखाचा प्रभाग मिळणार कुठे?