नाणं म्हणतं, आभारी आहोत!

मित्रांनो, घरातला जुन्या चिल्लरीचा डबा आज जरा पालथा घाला. आईला विचारून, बरं का! त्यात दोन रुपयांचं अकरा कोनांचं एखादं नाणं सापडतंय का बघा. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला छत्रपती शिवाजी महाराज आणि सन १९९९. सापडलं? मग ते वाण्याच्या दुकानात देऊन टाकू नका. दोन रुपयांत काही फार येत नाही. पण या नाण्यात दोन रुपयांहून जास्त काहीतरी आहे.

अशा नाण्याला स्मृतिनाणं म्हणतात. एखाद्या थोर माणसाची, घटनेची किंवा कार्याची आठवण राहावी म्हणून सरकार ते काढतं. स्वतंत्र भारतात ही प्रथा १९६४ साली पंडित नेहरूंच्या नाण्यापासून सुरू झाली. १९६९ मध्ये गांधीजींची नाणी आली. १९८६ साली तर पन्नास पैशांचं एक नाणं चक्क मासेमारीवर निघालं! संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या कार्याशी ते जोडलेलं होतं. मालवणच्या, देवगडच्या, वेंगुर्ल्याच्या मुलांनी ते मुद्दाम शोधावं. आपल्या बाबांचा, आजोबांचा धंदा एका नाण्यावर जाऊन बसला होता!

पण आज आपल्याला नुसती नाणी जमवायची नाहीत. आज बघायचंय, की आठवणीचं नाणं लोकांच्या उपयोगी कसं पडतं. त्यातून चांगल्या कामाला पैसे कसे उभे राहतात? आणि पैसे देणाऱ्याचे आभार नाणं कसं मानतं?

किल्ल्याच्या राजाचं नाणं

चला, आधी मालवणच्या धक्क्यावर जाऊ. समोर पाण्यात सिंधुदुर्ग दिसतोय ना? कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचं काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झालं आणि १६६७ साली पुरं झालं. नागमोडी तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात आपला सिंधुदुर्ग आहे आणि विजयदुर्गही आहे.

हा किल्ला बांधणाऱ्या राजानं पुढं स्वतःचं नाणंही पाडलं. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही महाराजांची नाणी. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', एवढीच अक्षरं. ना चित्र, ना नक्षी. तरी बाजारातला माणूस ती बिनघोर घ्यायचा. एकोणिसाव्या शतकातसुद्धा लोक शिवराई वापरत होते!

का घेत असतील? नुसत्या तांब्यासाठी? नाही. त्यावर ज्याचं नाव आहे, त्याच्या शब्दावर विश्वास होता म्हणून. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

मोठी देणगी, छोटी देणगी

मालवणात अनंत शिवाजी देसाई टोपीवाला हायस्कूल आहे. तुमच्यापैकी काहीजण तिथंच शिकत असतील. टोप्यांच्या व्यापारामुळे देसायांना 'टोपीवाला' हे नाव पडलं आणि पुढं ते शाळेच्या पाटीवर कायमचं कोरलं गेलं. मोठ्या दात्याची आठवण अशी राहते. मुंबईत सर जमशेटजी जिजीभॉय यांनी रुग्णालयासाठी, लोकांच्या सोयीसाठी अफाट दान केलं. त्याबद्दल १८४३ साली त्यांना राणी व्हिक्टोरियाच्या वतीनं सुवर्णपदक देण्यात आलं.

पण ज्यानं पाच-दहा रुपयेच दिले, त्याचं काय? त्याच्या नावाची पाटी कोण लावणार?

छोट्या देणगीची ताकद आपल्या माणसांनी फार पूर्वी ओळखली होती. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' ही कल्पना काढली. प्रत्येकानं फक्त एक पैसा द्यायचा! तेव्हा रुपयाला चौसष्ट पैसे होते. म्हणजे ६४० वस्तीच्या गावानं दिले, तरी जमणार दहा रुपये. लोक हसले असतील. पण लोकमान्य टिळकांनी या कामाला पाठिंबा दिला, गावोगाव पैसा गोळा झाला आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला! आपल्या कोकणात संगमेश्वरला शाळेच्या नावातही 'पैसा फंड' आहे.

एक पुतळा, दोन वर्गण्या

आता थोडं लांब, अमेरिकेत जाऊन येऊ. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा तुम्ही चित्रात पाहिलाय. फ्रान्सनं तो भेट दिला. १८८५ साली खोक्यांत भरून सुटे भाग बंदरात येऊन पडले. पण पुतळा उभा कशावर करायचा? चौथऱ्याला पैसेच नव्हते!

तेव्हा जोसेफ पुलित्झर या संपादकानं आपल्या वर्तमानपत्रातून हाक दिली. जो देईल, जितकं देईल, त्याचं नाव छापीन. काही सेंट दिले तरी छापीन! झालं. मुलांनी खाऊचे पैसे पाठवले. पाच महिन्यांत एक लाख डॉलरांहून जास्त रक्कम जमली. देणारे लाखाच्या वर, आणि बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी. शिवाय पुतळ्यासाठी झटणाऱ्या समितीनं एक डॉलर देणाऱ्याला पुतळ्याची सहा इंची छोटी प्रतिकृती देण्याची योजना काढली होती. देणाऱ्याच्या घरात आठवण राहिली, चौथऱ्याला दगड मिळाला.

शंभर वर्षांत पुतळा खारं वारं खाऊन जुना झाला. मालवणच्या माणसाला खाऱ्या वाऱ्याबद्दल काय सांगायचं! दुरुस्तीच्या वेळी पुन्हा लोकांकडे जायचं ठरलं. या वेळी वाट नाण्याची होती. १९८६ साली अमेरिकेच्या सरकारनं पुतळ्याची तीन स्मृतिनाणी काढली. अर्ध्या डॉलरच्या नाण्यामागे २ डॉलर, चांदीच्या डॉलरमागे ७ आणि सोन्याच्या नाण्यामागे ३५ डॉलर जास्त घ्यायचे, आणि ती जादा रक्कम पुतळ्याच्या कामाला द्यायची, असा कायदाच केला. त्यातून साडेसात कोटी डॉलरांहून जास्त निधी उभा राहिला! विकत घेणाऱ्याला ठाऊक होतं, की आपण नाणं घेतोय आणि पुतळ्याला हातभारही लावतोय.

आपल्या वाडीत जमेल?

समजा, तुमच्या वाडीत एक जुनं वाचनालय आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. मृग लागला की पाणी थेट गोष्टींच्या पुस्तकांच्या कपाटावर! छप्पर नीट करायला चाळीस हजार रुपये हवेत. विश्वस्तांनी ठरवलं, की तीनशे रुपये देणाऱ्याला पितळेची एक सुंदर स्मृतिमुद्रा द्यायची.

आता वही-पेन्सिल घ्या. हे आकडे मी गणितासाठी धरलेत, खरा भाव कारागिराला विचारायचा. मुद्रेसाठी आधी पोलादी ठसा लागतो. त्याला कारखान्यात डाय म्हणतात. त्याचे पाच हजार धरू. मग प्रत्येक मुद्रेचे पंचेचाळीस. दोनशे मुद्रा केल्या तर खर्च ५,००० अधिक ९,०००, म्हणजे १४,०००. दोनशे माणसांनी तीनशे दिले तर जमले ६०,०००. उरले ४६,०००. छप्पर झालं, वर कपाटाला रंगही झाला! शाबास!

थांबा. साठच माणसं आली तर? जमले १८,०००. दोनशे मुद्रांवर गेले १४,०००. छपराला उरले फक्त चार हजार, आणि १४० मुद्रा खोक्यात पडून! लोकांनी पैसे दिले छपरासाठी आणि त्यातले बहुतेक गेले पितळेत. केवढी फजिती!

म्हणून शहाणा माणूस काय करतो? आधी देणाऱ्यांची नावं लिहून घेतो, मग तेवढ्याच मुद्रा पाडायला सांगतो. साठजणांसाठी खर्च होतो ७,७०० आणि उरतात १०,३००. ठशाचा खर्च मुंबईच्या एखाद्या चाकरमान्यानं उचलला तर आणखी छान. आणि धातू परवडतच नसेल तर? सावंतवाडी आपल्याच जिल्ह्यात आहे ना! तिथले कारागीर लाकडाची खेळणी रंगवण्यात वाकबगार. रंगीत लाकडी चकतीही आठवण म्हणून तितकीच गोड दिसेल.

मुद्रा घडते कशी?

आधी कागदावर मोठं चित्र काढतात. बारीकसारीक रेषा कमी ठेवायच्या, कारण दोन बोटं रुंदीच्या चकतीवर गर्दी झाली की काहीच कळत नाही. शिवराई आठवा! त्या चित्राचा उलटा ठसा पोलादात कोरतात. वर एक ठसा, खाली एक, मध्ये धातूची कोरी चकती. यंत्राचा प्रचंड दाब पडला, की दोन्ही बाजू एकदम उमटतात. मुंबईच्या टाकसाळीत नाण्यांबरोबर पदकंही बनतात, ती अशाच दाबानं.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नाणी काढण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा. २०११ च्या नाणे कायद्यात तसं स्पष्ट आहे. म्हणून आपल्या मुद्रेवर रुपयांची किंमत घालायची नाही, अशोकस्तंभाचे सिंह घालायचे नाहीत आणि ती पैसे म्हणून चालवायची नाही. ती स्मृतिमुद्रा. तिनं वडापाव मिळणार नाही!

पालकांसाठीही दोन शब्द. मुलांनी एकट्यानं दारोदार जाऊन पैसे गोळा करू नयेत. शाळा किंवा नोंदणी झालेली संस्था पुढं असावी, दर देणगीची पावती फाडावी. मुद्रा म्हणजे पावती नव्हे.

खरी किंमत

आता शिवराईचं ते वाक्य आठवा.

समजा, वाडीतल्या एका आजीनं मासे विकून साठवलेले तीनशे रुपये दिले. तिला मुद्रा मिळाली. तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवली, "ह्यां माझ्या कौलाचां नाणां हा!" वाचनालयावर आपलं एक तरी कौल आहे, हा तिचा आनंद. तो तीनशे रुपयांत मोजता येत नाही.

पण पुढच्या पावसात छप्पर तसंच गळलं तर? देव्हाऱ्यातली तीच मुद्रा रोज तिला विचारील, "कुठं गं तुझं कौल?" तीच मुद्रा दोनशे घरांत तोच प्रश्न विचारील. मग पुढच्या वर्षी तुम्ही सोन्याची मुद्रा घेऊन गेलात, तरी दार उघडणार नाही.

म्हणून ज्या दिवशी मुद्रा वाटायच्या, त्याच दिवशी वाचनालयाच्या फळ्यावर हिशेब लिहायचा. किती जमले, मुद्रांना किती गेले, कौलांना किती, सुताराला किती, उरले किती. शेवटच्या रुपयापर्यंत! ज्यानं दहाच रुपये दिले, ज्याला मुद्रा मिळाली नाही, त्याचंही नाव त्या फळ्यावर हवं. पुलित्झरनं सेंट देणाऱ्याचंही नाव छापायचं कबूल केलं होतं, ते विसरू नका.

देणाऱ्याच्या हातात मुद्रा ठेवताना आपण 'आभारी आहोत' म्हणतो, आणि त्याच वेळी एक वचनही देतो. पितळ बाजारात मिळतं. वचन आपल्यालाच पाळावं लागतं.

करून पाहा

१. नाण्यावर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. नाण्याचं चित्र कागदावर उमटेल. तुमच्या संग्रहाची वही अशी तयार करा.

२. नाण्यावरच्या सनाखाली भिंगातून बघा. हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर नाणं मुंबईच्या टाकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं.

३. तुमच्या शाळेची किंवा वाचनालयाची स्मृतिमुद्रा पुठ्ठ्यावर काढा. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला फक्त तीन शब्द. कुठले तीन शब्द? ते तुम्ही ठरवा. पण असे निवडा, की जे उद्या खरे करून दाखवता येतील!