लोहाऱ्याहून सोनोग्राफीला निघताना

लोहारा तालुक्यात गुरांचा दवाखाना म्हटलं की डोळ्यांसमोर गाय, म्हैस, बैल आणि काळीभोर उस्मानाबादी शेळी येते. उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं नाव मात्र तेच राहिलं. आता याच दवाखान्यांच्या ओट्यावर दोरीला बांधलेला कुत्रा किंवा पिशवीतून डोकावणारं मांजरही दिसतं. डॉक्टर त्याचं पोट चाचपतात, ताप पाहतात, रक्त तपासायला सांगतात आणि कधीतरी एक चिठ्ठी हातात देतात : ‘पोटाची सोनोग्राफी करून आणा.’

तिथून घरात चर्चा सुरू होते. एवढ्या लांब न्यायचं? भूल देतील का? उपाशी कसं ठेवायचं? आपल्या गावातलं माणसांचं सोनोग्राफी सेंटर काय वाईट? या चर्चेत जे गैरसमज खरे मानले जातात, त्यांचा फटका शेवटी त्या मुक्या जिवाला बसतो. कधी उशीर होतो, तर कधी सोलापूरपर्यंत जाऊन तपासणी अर्धवट राहते.

गैरसमज : चिठ्ठी दिली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.

चिठ्ठी हा उपचाराचाच भाग आहे. तालुक्याच्या दवाखान्याचा मुख्य भार पशुधनावर असतो. कुत्र्या-मांजरांच्या सोनोग्राफीला त्यांच्या आकाराला साजेसे प्रोब (अंगावर टेकवायचं यंत्राचं टोक), वेगळं टेबल आणि रोजचा सराव असलेला हात लागतो. म्हणून रुग्ण पुढे पाठवला जातो. लोहाऱ्याच्या माणसापुढे साधारण दोन वाटा असतात : नळदुर्गमार्गे सोलापूर किंवा लातूर ही शहरं, नाहीतर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या या महाविद्यालयात विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णांवर शिकतात. मात्र लोहाऱ्याहून हा प्रवास शंभर किलोमीटरच्या वर जातो. म्हणूनच निघण्याआधी फोन हवा : ओपीडीची वेळ काय, त्या दिवशी सुटी आहे का, मशीन सुरू आहे का, सोनोग्राफी करणारे डॉक्टर हजर आहेत का, खर्च किती येईल?

चिठ्ठीत नुसतं ‘सोनोग्राफी’ एवढंच लिहून भागत नाही. वय, वजन, किती दिवसांपासून काय त्रास, कोणती औषधं दिली, मादी शेवटची माजावर कधी आली, नसबंदी झाली आहे का आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांना शंका कसली आहे, हे त्यात हवं. ‘दहा दिवसांपासून लघवीत रक्त, खडा आहे का पाहावे’ असं वाचल्यावर समोरचा डॉक्टर मूत्राशयावर जास्त वेळ थांबतो. रक्त-लघवीचे रिपोर्ट, एक्स-रे आणि लसीकरणाचं कार्ड चिठ्ठीला जोडून न्यावं. रेबीजची लस कधी दिली, हे तर हमखास विचारलं जातं.

गैरसमज : माणसांच्या सेंटरमध्ये ओळखीनं काम होईल.

तत्त्व एकच असलं तरी वाचन निराळं आहे. कुत्र्याच्या प्लीहेचा, मांजराच्या मूत्रपिंडाचा निरोगी आकार माहीत असल्याशिवाय बिघडलेला आकार ओळखता येत नाही. शिवाय 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुवैद्यकीय उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. त्यामुळे निदानाची जबाबदारी घेणारा माणूसही तोच हवा.

याच्या उलट टोकाची भीतीही ऐकू येते : लिंगनिदानाचा कायदा असल्यामुळे जनावराची सोनोग्राफी करताच येत नाही. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम 1988 मध्ये महाराष्ट्रानं केला आणि 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. केंद्राच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे ‘गर्भ’ म्हणजे मानवी गर्भ. त्यामुळे गाभण शेळीची किंवा आजारी कुत्रीची सोनोग्राफी करून घेणाऱ्या मालकानं घाबरण्याचं कारण नाही. जनावरांसाठी हे तंत्र नवंही नाही. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी माणसांतल्या वापरावरचा गाजलेला शोधनिबंध 1958 मध्ये प्रसिद्ध केला आणि 1966 मध्ये मेंढ्या गाभण आहेत का हे ध्वनिलहरींनी तपासल्याची नोंद झाली.

गैरसमज : लांबचा प्रवास आहे, पोटभर खाऊ घालूनच न्यावं.

मायेपोटी होणारी ही चूक सगळ्यांत महाग पडते. ध्वनिलहरी मऊ अवयवांतून आणि पाण्यातून सहज जातात, पण हवेशी गाठ पडली की जवळजवळ सगळ्या माघारी फिरतात. सकाळी भाकरी-दूध खाल्लेल्या कुत्र्याच्या जठरात अन्न असतं, आतड्यात वायू असतो. त्यांच्या आड स्वादुपिंड, पित्ताशय, यकृताचा काही भाग झाकला जातो. पडद्यावर पांढुरका धूसरपणा तेवढा उरतो आणि डॉक्टर म्हणतात, उद्या उपाशी आणा.

म्हणून पोटाच्या सोनोग्राफीआधी साधारण 8 ते 12 तास खाणं बंद ठेवायला सांगतात. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्री हलकं जेवण द्यावं आणि त्यानंतर बिस्किटाचा तुकडाही देऊ नये. घरातल्या लेकरांनाही हे बजावून ठेवावं, कारण चोरून भरवणारे हात बहुधा त्यांचेच असतात. पाणी मात्र बंद करायचं नाही.

या नियमाला अपवाद आहेत. लहान पिल्लू, मधुमेहासाठी इन्शुलिन सुरू असलेला प्राणी, गाभण मादी आणि फार अशक्त झालेला रुग्ण यांना किती वेळ उपाशी ठेवायचं, हे डॉक्टरांनाच विचारावं. मांजरानं दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नसेल, तर तेही आधीच सांगावं. लांबलेली उपासमार मांजराच्या यकृतावर येते. केवळ हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको करायचा असेल, तर सहसा उपाशी ठेवावं लागत नाही.

गैरसमज : आत नेण्याआधी लघवी उरकून घ्यावी.

भरलेलं मूत्राशय इथं उपयोगी पडतं. पडद्यावर ते काळ्या गोट्यासारखं दिसतं. त्यात खडा असेल तर पांढरी ठिणगी चमकते आणि तिच्या खाली काळी सावली पडते. पिशवी रिकामी असेल तर तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि यातलं फारसं काही दिसत नाही. शक्य असेल तर दोन-तीन तास आधीपासून प्राण्याला लघवीला सोडू नये. लोहाऱ्याहून पोचल्यावर गाडीतून उतरलेला कुत्रा पहिल्याच खांबाकडे ओढ घेणार, हे धरून चालावं आणि दोरी आखूड धरावी. तरीही लघवी झालीच तर घाबरू नये, थोडं थांबता येतं. पण ज्याला लघवीच होत नाही, जो नुसता कुंथतो, अशा प्राण्याला ही सूचना लागू नाही. विशेषतः बोक्याला लघवी अडली तर ती तातडीची वेळ असते. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

गैरसमज : केस काढणं म्हणजे उगाच विद्रूप करणं.

केसांच्या मध्ये हवा अडकते आणि हवा म्हणजे पुन्हा तोच अडथळा. त्यामुळे बरगड्यांच्या कडेपासून जांघेपर्यंत पोटाचे केस मशीननं काढतात आणि वर जेल लावतात. पॉमसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांत ते परत यायला काही महिनेही लागू शकतात. घरी ब्लेड मात्र चालवू नये. कापलेल्या, खाजऱ्या कातडीवर प्रोब टेकला की प्राण्याला झोंबतं.

गैरसमज : भूल द्यावीच लागते आणि मशीनच्या किरणांनी इजा होते.

बहुतेक कुत्र्या-मांजरांची सोनोग्राफी भुलीशिवाय होते. मधे खोलगट असलेल्या गादीवर प्राण्याला उताणं किंवा कुशीवर झोपवतात. एकजण पुढचे पाय धरतो, दुसरा मागचे. खोलीत अंधुक उजेड असतो, जेलचा गार स्पर्श झाला की पोट आक्रसतं आणि मालकाचा ओळखीचा आवाज कानाशी आला की सैलावतं. साधारण अर्ध्या तासात काम होतं आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. फार बिथरणाऱ्या प्राण्याला किंवा सुईनं नमुना घ्यायचा असेल तर गुंगीचं औषध देतात, तेही डॉक्टरच. घरातली झोपेची किंवा दुखण्याची गोळी देऊन नेणं धोक्याचं आहे. माणसाची पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते.

किरणांचं म्हणाल तर ते एक्स-रेत असतात. सोनोग्राफीत असतो ध्वनी. कुत्र्याला सेकंदाला सुमारे 45 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला 60 हजारांच्याही पुढचा. प्रोबची कंपनं साधारण 50 लाख ते 1 कोटींच्या घरात असतात. म्हणजे ती त्यांच्याही कानांच्या आवाक्याबाहेरची आहेत.

गैरसमज : सोनोग्राफी झाली म्हणजे सगळं कळलं.

सोनोग्राफी अवयवाचा आकार आणि पोत दाखवते. गाठ दिसते, पण ती कॅन्सरची आहे का हे ठरवायला सुईनं पेशी किंवा तुकडा काढून तपासावा लागतो. गोचीडतापात प्लीहा वाढलेली दिसू शकते, तरी निदान रक्ताच्या तपासणीवरच होतं. हाडं आणि फुप्फुसं पाहायला एक्स-रे बरा. गाभण कुत्रीत साधारण 25 दिवसांनंतर पिल्लांची चाहूल लागते, पुढे हृदयाचे ठोकेही दिसतात. पिल्लं नेमकी किती, हे मात्र 55 व्या दिवसानंतरच्या एक्स-रेत जास्त खात्रीनं मोजता येतं. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असतो.

काही आजारांत मात्र सोनोग्राफी थेट जीव वाचवते. समजा, नसबंदी न झालेली सात-आठ वर्षांची कुत्री आहे. माजावर येऊन महिना-दोन महिने झालेत. ती खूप पाणी पिते, उलट्या करते, मलूल पडून असते. मागून पू येत असेल तर घरच्यांच्या लक्षात येतं, पण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. सोनोग्राफीत पुवानं फुगलेलं गर्भाशय नळकांड्यांसारखं समोर येतं आणि त्याच दिवशी ऑपरेशनचा निर्णय होऊ शकतो. अशा रुग्णाला ‘आज खाल्लंय, उद्या नेऊ’ म्हणून थांबवू नये. तातडीच्या वेळी भरल्या पोटीही सोनोग्राफी करतात. लगेच निघणं जमत नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून मदत मागता येते.

गैरसमज : रिपोर्ट हातात आला, आता पुन्हा गावच्या डॉक्टरांकडे कशाला?

रिपोर्ट ज्यानं मागितला त्याच्याकडे तो पोचलाच पाहिजे. आधीचा ताप, दिलेली औषधं, रक्ताचे आकडे आणि नवं चित्र हे सगळं तोच डॉक्टर एकत्र मांडतो आणि औषध ठरवतो. रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी मोबाइलवर पाठवावा, कागद आणि चित्रं जपून ठेवावीत. महिन्याभरानं पुन्हा सोनोग्राफी करावी लागली तर तुलना त्यांच्याशीच होते.

तेव्हा चिठ्ठी हातात आली की आदल्या संध्याकाळी एवढं करा. दवाखान्याला फोन करा, कागद एका पिशवीत भरा, रात्रीनंतर खाणं बंद ठेवा, पाणी सुरू ठेवा. आपल्याकडचं ऊन पाहता उन्हाळ्यात पहाटेच निघा आणि बंद गाडीत प्राण्याला एकटं सोडू नका. परतीच्या वाटेसाठी डब्यात त्याचं जेवण घ्या आणि तपासणी झाल्यावर डॉक्टरांना विचारून तिथंच भरवा.