दुखत नाही, म्हणून राहून गेलेलं

सकाळी ९

इचलकरंजीतल्या आमच्या श्रवणतपासणी केंद्रात दिवसाची पहिली तपासणी यंत्राची असते आणि ती मी माझ्याच कानांवर करते. आवाजबंद खोलीत हेडफोन लावायचे, २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून ऐकायचे, वायर हलवून खरखर येते का बघायचं. माझी पातळी रोज तीच यायला हवी. यंत्र ५ डेसिबलनं चुकलं तरी ती चूक कुणाच्या तरी दाखल्यावर, कुणाच्या तरी कानातल्या मशीनवर उतरते.

तोवर बाहेरचा बाक भरायला लागलेला असतो. मांडीवर बाळ घेतलेली आई, भिंतीला धरून चालणारी बाई, मुलानं ओढून आणलेले आजोबा. यातले बहुतेक जण उशिरा आलेले असतात. दात ठणकला की माणूस रात्र काढत नाही. कान मात्र न दुखता जातो, आणि दुखत नाही म्हणून त्याच्याकडे बघणं राहून जातं.

९:३०

आज पहिली बेरा. बाळ अकरा महिन्यांचं. तपासणीत बाळ गाढ झोपलेलं लागतं, म्हणून आईला आदल्या दिवशीच सांगितलं होतं: रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, रिक्षात डोळा लागू देऊ नका. बिचारी स्वतःच जागून आलीय. दूध पाजल्यावर बाळ तिच्या खांद्यावर झोपलं. मी कपाळ आणि कानांमागची त्वचा हलकेच पुसली, इलेक्ट्रोड चिकटवले, कानांत मऊ बोंडं बसवली. यात सुई नाही, विजेचा झटका नाही. कानात टकटक आवाज सोडायचा आणि तो नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो का, ते पडद्यावरच्या लाटांवरून वाचायचं. पाचवी लाट सगळ्यात महत्त्वाची. ऐकू येणाऱ्या बाळात ती अगदी बारीक आवाजालाही उमटते.

या बाळाच्या पडद्यावर ९० डेसिबललाही रेघ सपाटच राहिली. उजवीकडे सपाट, डावीकडे सपाट. इलेक्ट्रोड पुन्हा तपासले, पुन्हा घेतलं. तेच.

आजी म्हणाली, “पण ताटली वाजवली की वळतंय की ओ बाळ!” घरोघरी हीच परीक्षा घेतात आणि तिच्यात मूल पास होतं. ताटली वाजवणारा हात त्याला दिसतो, सावली हलते, फरशीचा हादरा अंगाला लागतो. ऐकू न येणारं मूल डोळ्यांनी फार हुशार असतं. त्यामुळे वर्षभर कुणाला शंकाच येत नाही. शंका येते ती शेजारचं पोर ‘बाबा’ म्हणायला लागल्यावर.

मग तो प्रश्न आला, आणि तो सुनेकडे बघूनच आला: हे कुणामुळं? आई-वडील आते-मामेभावंडं. आमच्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे. दोघांनाही नीट ऐकू येत असताना दोघांच्या रक्तात एकच दोष लपलेला असू शकतो, आणि मुलाला तो दोन्हीकडून मिळाला तर कान जन्मापासून बंद राहतो. म्हणजे मिळालाय तो दोन्ही घरांकडून, एकटीकडून नाही. हे मी आजीसमोर, मोठ्यानं आणि दोनदा सांगते. त्या आईला घरी जाऊन काय काय ऐकावं लागेल, याची मला चांगली कल्पना आहे.

खरा हिशेब वेळेचा आहे. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा जगभर मानलेला नियम आहे. पहिल्या तपासणीला झोपलेल्या बाळाच्या एकेका कानाला काही मिनिटंच लागतात. प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधी ती प्रत्येक बाळाची झाली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे आणि त्याची पथकं अंगणवाड्यांतून मुलं तपासतात. पण अंगणवाडीत जायच्या आधीचे महिनेच भाषेसाठी सगळ्यात मोलाचे असतात.

आज लगेच काय करायचं, तेही ठरलं. दोन्ही कानांचे साचे घेतले, श्रवणयंत्रं लावायची, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायचं, आणि यंत्रांचा उपयोग झाला नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट. केंद्र सरकारच्या अडीप योजनेत लहान मुलांच्या इम्प्लांटला मदत मिळते, पण तिथेही वयाची अट आहे. कागद मी आजच भरायला घेतले.

११:००

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हापासून गावाचं पोट त्या खडखडाटावर चालतं आणि त्याची किंमत गावाचे कान मोजतात. समोर बसलेले गृहस्थ सोळाव्या वर्षी मागावर उभे राहिले, आता पन्नाशीजवळ आलेत. साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या पुढेच असतो. ८५ डेसिबलमध्ये ८ तास ही सुरक्षित मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला ती निम्मी होत जाते. ९७ ला उरतो अर्धा तास. यांची पाळी बारा तासांची.

“आवाज येतो मॅडम, शब्द कळत न्हाईत.” हे वाक्य ऐकलं की आलेख कसा येणार, ते आधीच डोळ्यासमोर उभं राहतं. उजव्या कानाची लाल वर्तुळं, डाव्याच्या निळ्या फुल्या, दोन्ही ओळी सुरुवातीला ठीक चालतात आणि ४००० हर्ट्झला खड्ड्यात उतरतात. स, श, त, क ही व्यंजनं वरच्या सुरांत असतात, ती आधी जातात. स्वर उरतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. माणूस मग अंदाजानं ‘हो’ म्हणतो, आणि घरचे म्हणतात, लक्षच देत नाहीत.

बरोबर मुलगा होता, बाविशीचा, तोही मागावरच. त्याला काहीच त्रास नव्हता. तरी मी त्याला खोलीत बसवलं. ४००० ला त्याचाही छोटा खड्डा पडलाय.

वडिलांचं गेलेलं ऐकणं परत येत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की नव्या उगवत नाहीत. त्यांना श्रवणयंत्राची मदत होईल. मुलाचं मात्र पुष्कळ वाचवता येईल. कानात कापूस घालून भागत नाही, त्यानं आवाज फारसा अडत नाही. फोमचं बोंड कसं घालायचं, ते मी करून दाखवलं: बोटांनी वळून बारीक करायचं, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोंड आत सरकवायचं आणि ते फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचं. त्याला तिसऱ्या खेपेला जमलं. हे बोंड मालकानं द्यायला हवं. १९४८ च्या कारखाने कायद्यानं आवाजामुळे येणारा बहिरेपणा कामाच्या आजारांच्या यादीत घातला होता. चार-सहा मागांच्या शेडपर्यंत तो कायदा कधी पोचला नाही.

१२:१५

भिंतीला धरून चालणाऱ्या बाई. तीन महिन्यांपासून चक्कर. कुणीतरी मानेचा एक्स-रे काढून पट्टा दिलेला, चकरेच्या गोळ्या सुरूच. मी विचारलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते की घर फिरतं? “घर फिरतंय. उशीवर टेकून उजवीकडं वळलं की पलंगासकट फिरतंय.” किती वेळ? अर्धा मिनिट. बोलताना जीभ जड होते का, हात-पाय लुळा पडतो का, एकाचे दोन दिसतात का? हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. मेंदूचा झटकाही कधीकधी चकरेच्या रूपानं येतो. यांना तसं काही नव्हतं.

मग डिक्स-हॉलपाइक, १९५२ पासून वापरात असलेली साधी चाचणी. डोकं उजवीकडे ४५ अंश वळवून त्यांना झटकन मागे झोपवलं, डोकं पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबतं. डोळे उघडे ठेवा, माझ्या नाकाकडे बघा. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग बुबुळं गोल फिरत वर उडायला लागली, वेग वाढला, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं शांत झालं.

आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक स्फटिक असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलेल तसे घरंगळतात, आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. गोळीनं ते स्फटिक बाहेर येत नाहीत. डोकं क्रमाक्रमानं वळवून त्यांना आल्या वाटेनं परत न्यावं लागतं. एप्ले नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी बसवलेली ही पद्धत. उजवीकडे थांबा, मग डोकं डावीकडे, मग सगळं अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, मग सावकाश उठा. प्रत्येक ठिकाणी डोळे स्थिर होईपर्यंत थांबायचं.

दहा मिनिटांनी पुन्हा चाचणी घेतली. बुबुळं जागेवर राहिली. बाई उठून बसल्या आणि रडायला लागल्या. तीन महिने त्या खुर्चीत बसून झोपत होत्या. हे पुन्हा होऊ शकतं, तेव्हा घाबरू नका, लगेच या, एवढं सांगून पाठवलं.

१:३०

डबा आणि दाखल्यांचे कागद. दिव्यांग प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातूनच मिळतं, त्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात कुणाला पाठवायचं, त्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या.

३:००

दुपार मुलांची. पहिलीतला एक मुलगा, बाईंची तक्रार की वर्गात लक्ष नाही. तोंड उघडं ठेवून झोपतो, सतत सर्दी. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय, टिंपॅनोग्रामची रेघ सपाट. औषधपाणी तज्ज्ञ बघतील, बाईंना चिठ्ठी दिली: पहिल्या बाकावर बसवा, ओरडू नका.

नंतर चार वर्षांची इम्प्लांटवाली मुलगी. मेंदूज्वरानं तिचे कान गेले आणि त्याच वेळी तोलही. तोल राखायला शरीर तिघांकडून खबर घेतं: आतला कान, डोळे आणि पायांचे सांधे. तिची पहिली खबर बंद आहे, म्हणून उजेडात पळते आणि अंधारात पडते. घरचे तिला धांदरट समजत होते. बहिऱ्या मुलांचा तोल तपासायला हवा हे आपल्याकडे अजून फारसं कुणाच्या मनात येत नाही. आधी जाड फोमवरून चालणं, डोळे मिटून उभं राहणं, एका पायावर चेंडू झेलणं. मग ऐकणं. मी तोंडापुढे कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स म्हणते, ऐकू आलं की तिनं वाटीत मणी टाकायचा. ‘स’ सगळ्यात बारीक. आज कागदाआडून ‘स’ म्हणाले आणि मणी वाटीत पडला. आईनं तो मणी उचलून पदरात बांधला.

५:००

ओढून आणलेले आजोबा. श्रवणयंत्र लावलं, पण आवाज पहिल्या दिवशी पूर्ण द्यायचा नाही. वर्षानुवर्षं शांततेत राहिलेल्या मेंदूला पंखा, भांडी, रिक्षा एकदम सोसत नाहीत, आणि यंत्र कपाटात जातं. आठवडाभर घरातच, दोन-दोन तास. मग देऊळ. लग्नकार्य शेवटी. बॅटरीची तपकिरी पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच दार बंद करा, हे आजींना दाखवलं. बॅटरी बहुधा आजीच बदलणार.

६:३०

दार बंद करताना फोन. चाळिशीतला दुकानदार. “सकाळी सहाला उठलो तर डाव्या कानात दडे बसलेत. शीळ वाजतीय. अंघोळीचं पाणी गेलं असंल म्हणून थांबलो.” मी म्हणाले, तोंड मिटून ‘हं’ करा, कुठल्या कानात जास्त घुमतं? मळ किंवा पाणी असेल तर ‘हं’ बंद कानात घुमतो. तो म्हणाला, उजव्या, म्हणजे चांगल्या. मी पुन्हा दिवा लावला आणि त्याला लगेच यायला सांगितलं.

पडदा स्वच्छ, मळ नाही. डाव्या कानाच्या सगळ्या सुरांत ऐकणं ५० डेसिबलच्या खाली. अचानक आलेला नसेचा बहिरेपणा. यात स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर ऐकणं परत येण्याची आशा असते. दोन-तीन आठवड्यांनी आलेल्याला मी फारसं काही देऊ शकत नाही. तज्ज्ञांना फोन केला, ते अजून दवाखान्यात होते. साखर तपासून आजच औषध सुरू करतो म्हणाले. आठवड्यानं पुन्हा आलेख घ्यायचा, म्हणून आजचा मी तारीख घालून त्याच्या हातात दिला. सकाळी सहाला कळलेलं दुखणं रात्री आठच्या आत योग्य डॉक्टरपुढे पोचलं. असं फार थोड्या वेळा होतं.