टिकाल ते की कॉकर : माया नगरापासून प्रवाळबेटापर्यंत

मार्गाचे स्वरूप

ग्वाटेमालाच्या पेतेन प्रांतातील टिकाल हे प्राचीन माया नगर आणि बेलीझच्या किनाऱ्यासमोरील की कॉकर हे बेट यांच्यामधील अंतर रस्ता व समुद्र मिळून सुमारे अडीचशे किलोमीटर भरते. पहाटे निघाल्यास सायंकाळपर्यंत बेट गाठता येते. वाटेत अरण्य, आंतरराष्ट्रीय सीमा, नदीखोरे, बंदर आणि उथळ समुद्र लागतो. भग्न मंदिरे आणि समुद्रकिनारा यांचा वरवर संबंध दिसत नाही; पण दोन्ही ठिकाणांच्या तळाशी चुनखडी आहे आणि दोन्हीकडचे जीवन त्या खडकानेच घडवले आहे.

टिकाल

इसवी सनाच्या तिसऱ्या ते नवव्या शतकांत टिकाल हे माया जगातील एक बलाढ्य राज्य होते. तेथील चौथ्या क्रमांकाचे मंदिर सुमारे ६५ मीटर उंच आहे. मंदिरांचे दगड चुनखडीचे आहेत आणि गिलाव्याचा चुनाही तोच खडक भाजून केलेला. या खडकात पाणी झिरपून जाते आणि नगराजवळ नदी नाही. त्यामुळे चौकांना उतार देऊन पावसाचे पाणी गिलावा केलेल्या जलाशयांत साठवले जाई. एका जलाशयात पाणी गाळण्यासाठी क्वार्ट्झ आणि झिओलाइट वापरल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. येथील शेवटचा कालोल्लेखित शिलास्तंभ इ. स. ८६९ चा आहे; त्यानंतर नगर ओस पडत गेले.

सीमेपर्यंतचा टप्पा

टिकालहून दक्षिणेस आलेला रस्ता इश्लू येथे फुटतो. पश्चिमेची वाट फ्लोरेस शहराकडे जाते, तर पूर्वेची मेल्चोर दे मेंकोस या सीमेवरील गावाकडे. सीमेवर एका देशाचा निर्गमन शिक्का आणि दुसऱ्याचा प्रवेश शिक्का घ्यावा लागतो. येथे स्पॅनिशची जागा इंग्रजी घेते आणि केत्सालऐवजी बेलीझ डॉलर चालू लागतो. दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, असा दर ठरलेला आहे. घड्याळ मात्र बदलावे लागत नाही. या दोन देशांतील जुना भूभागाचा वाद जनमत घेऊन आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवण्यात आला आहे. प्रवाशांची ये-जा तरीही चालू असते.

नदीखोऱ्याचा टप्पा

सीमेपासून बेलीझ सिटीपर्यंतचा सुमारे १३० किलोमीटरचा महामार्ग बहुतांशी बेलीझ नदीच्या खोऱ्यातून जातो. सान इग्नासियोजवळ मोपान आणि मकाल यांच्या संगमातून ही नदी तयार होते. पुढे बेल्मोपान लागते. १९६१ च्या हॅटी चक्रीवादळाने सखल किनाऱ्यावरील बेलीझ सिटीची मोठी हानी केली. त्यामुळे अंतर्भागात बेल्मोपान हे नवे शहर वसवून १९७० मध्ये राजधानी तेथे हलवण्यात आली.

समुद्रातील टप्पा

बेलीझ सिटीहून प्रवासी बोट सुमारे ३२ किलोमीटरचे अंतर पाऊण ते एक तासात कापते. बाहेरच्या समुद्राच्या लाटा प्रवाळभित्तीवर फुटतात. भित्तीच्या आतले पाणी त्यामुळे तुलनेने शांत राहते आणि लहान वेगवान बोटींना नियमित फेऱ्या करता येतात. की कॉकर हे प्रवाळजन्य चुनखडी, वाळू आणि खारफुटी यांचे अत्यंत सखल बेट आहे. येथेही नदी नाही. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो आणि पावसाचे पाणी साठवावे लागते. बेलीझच्या प्रवाळभित्ती-क्षेत्राला १९९६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २००९ मध्ये ते धोक्यातील वारशांच्या यादीत गेले. समुद्रातील तेलशोधावर कायद्याने बंदी आल्यानंतर २०१८ मध्ये त्या यादीतून त्याचे नाव काढण्यात आले.

प्राचीन दुवा

किनारा आणि अरण्य यांची देवाणघेवाण माया काळातही होती. टिकालच्या थडग्यांत सागरी शिंपले आणि धार्मिक विधींत रक्तार्पणासाठी वापरले जाणारे पाकट माशाचे काटे सापडले आहेत. किनाऱ्यावर मीठ तयार होई, तर डोंगराळ भागातील ऑब्सिडियन हा काचेसारखा धारदार ज्वालामुखी खडक बेटांवरील वसाहतींपर्यंत पोहोचे. ओझे वाहणाऱ्या जनावरांचा वापर नव्हता. माल माणसांच्या पाठीवर आणि होड्यांतून जात असे. म्हणूनच नद्यांना मोठे महत्त्व होते.

मर्यादा

या प्रवासाचे वेळापत्रक शेवटच्या बोटीवरून मागे मोजत ठरवावे लागते, कारण बोटींच्या फेऱ्या सायंकाळी थांबतात. सीमेवरील रांग लांबली तर मुक्काम बेलीझ सिटीत पडतो. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असून वादळी हवेत बोटी बंद राहू शकतात. टिकालचा परिसर विस्तीर्ण असल्याने तो आदल्या दिवशी पाहून घेणे श्रेयस्कर. मग पूर्ण दिवस मार्गाला देता येतो आणि मंदिरे व बेट यांना जोडणारे नदीखोरेही नीट पाहता येते.