माहितीच्या कोठारांतील वाटाडे

छत्रपति संभाजीनगरजवळील वेरूळच्या लेण्यांना दक्षिणेकडून उत्तरेकडे १ ते ३४ असे क्रमांक लावलेले आहेत. त्यांपैकीं १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदु आणि ३० ते ३४ जैन. ‘जैन लेणीं कोठें आहेत?’ असें कोणीं विचारलें, तर सरळ तिसाव्या क्रमांकाकडे चालूं लागावें. परंतु ‘सर्वांत जुनीं लेणीं कोणतीं?’ असा प्रश्न आला कीं हे क्रमांक निरुपयोगी ठरतात. १६ क्रमांकाचें कैलास आठव्या शतकांतलें, तर २९ क्रमांकाचें धुमार लेणें पुष्कळ अभ्यासकांच्या मतें त्याच्या आधींचें. अशा वेळीं एकतर चौतीसही लेण्यांत डोकावलें पाहिजे, नाहीं तर काळानुसार लावलेली दुसरी यादी हातीं पाहिजे.

श्रोतेहो, गणकयंत्रांतील माहितीचें कोठार, ज्यास डेटाबेस म्हणतात, त्यांतील शोधाचें मर्म हेंच आहे. ह्या दुसऱ्या यादीला तेथें ‘इंडेक्स’ म्हणतात. आपल्या महसूल खात्याला ही युक्ति नवी नाहीं. सात-बारा जमिनीच्या गट क्रमांकानें लावलेला असतो. एका खातेदाराची गांवांतील एकंदर जमीन पाहावयाची तर त्यासाठीं आठ-अ हा वेगळा नमुना आहे. मात्र फेरफार झाला कीं दोन्हींकडे नोंद करावी लागते. यादी शोध सोपा करते, पण लिहिण्याचें काम वाढविते. म्हणून मागेल तितक्या याद्या करणें हें शहाणपण नव्हे.

यादीचा लाभ केवढा, तें पाहा. तिच्या एका पानावर दोनशें नोंदी मावत असतील, तर एक कोटि नोंदींतून हवी ती एक चार पायऱ्यांत सांपडते. पण निम्म्या नोंदी हव्या असतील व त्या विखुरलेल्या असतील, तर यादी पाहून येरझारा घालण्यापेक्षां एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालत जाणें थोडक्या श्रमाचें. शिवाय प्रश्नाची मांडणीही यादीशीं जुळली पाहिजे. ‘देश’ ह्या अक्षरांनीं सुरू होणारीं आडनांवें वर्णानुक्रमानें लगेच मिळतात. ‘कर’ नें संपणारीं मागितलीं, तर सारी यादी वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं.

मग वाट निवडावी कोणीं? १९७० सालीं आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड ह्यांनीं असा विचार मांडला कीं, माणसानें काय हवें तेवढें सांगावें. कसें शोधावें तें यंत्रानें ठरवावें. १९७९ सालीं त्याच कंपनींतील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांचे सहकारी ह्यांनीं प्रत्येक वाटेचा अंदाजी खर्च काढून स्वस्त वाट निवडण्याची रीत दाखविली. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्रा. एस. सुदर्शन ह्यांनींही ह्या विषयांत संशोधन केलें आहे. ते सहलेखक असलेला ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ हा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

परंतु यंत्राचा अंदाज नोंदींच्या मोजदादीवर अवलंबून असतो. मोजदाद जुनी झाली, कीं शंभर नोंदी आहेत अशा समजुतीनें निवडलेली वाट दहा लाख नोंदींवर फसते. चांचणींत क्षणांत उत्तर देणारा प्रश्न पेरणीच्या हंगामांत मिनिटेंच्या मिनिटें अडून बसतो, आणि पीककर्जासाठीं उतारा हवा असलेला शेतकरी खिडकीपाशीं तिष्ठत राहतो.

येथें माणसाचें काम सुरू होतें. ह्या धंद्यांतील जाणता मनुष्य प्रथम अधिक मोठें यंत्र मागत नाहीं. यंत्रानें कोणती वाट धरली तें वाचतो, अंदाज व प्रत्यक्ष ह्यांतील अंतर कोठें पडलें तें शोधतो आणि एका वेळीं एकच बदल करून पुन्हा मोजतो. हें काम पुष्कळदां मध्यरात्रीं, सर्व कचेऱ्या निजल्या असतां चालतें. तें बरें वठलें तर कोणाला कळतही नाहीं. बिघडलें तरच त्याचें नांव निघतें.

ह्या मंडळींत एक चांगला प्रघात आहे. अडलेला प्रश्न, मालकाचीं नांवनिशाणी गाळून, ते परस्परांपुढें ठेवतात, आणि ज्याला आपण कधीं पाहिलेंही नाहीं अशा माणसासाठीं दुसरा आपली रात्र खर्च करतो. धंद्यांतील गुपितें झांकून ठेवण्याची आपली जुनी संवय पाहतां हा औदार्याचा धडा घेण्याजोगा आहे. खिडकीवर उतारा झटकन हातीं पडेल, तेव्हां त्यामागें अशा कोणा अनामिकाचे श्रम असतील, हें ध्यानीं असूं द्यावें.