रॅम भरली म्हणजे नक्की काय भरलं? (एपिसोडचं लेखी रूप)

हा एपिसोड ऐकताना बऱ्याच जणांना थांबून थांबून सेटिंग बघावी लागणार, म्हणून तो जसा बोललो तसा, थोडा नीटनेटका करून इथे लिहून देतोय.

विषय एका व्हॉइस नोटवरून निघाला. घरचा डेस्कटॉप नऊ-दहा वर्षांचा. वडील त्यावर दुकानाची बिलं करतात, बहीण बारावीत आहे, तिचे फॉर्म आणि प्रोजेक्ट त्यावरच. मशीन इतकं स्लो की दुरुस्तीवाल्याने सरळ सांगितलं, भंगारात काढा, नवीन घ्या. नवीन म्हणजे तीस-पस्तीस हजार, आणि ते आत्ता घरात नाहीत. प्रश्न असा होता: "दादा, मोबाइलमध्ये फोटो उडवले की मेमरी मोकळी होते, तसं यात काय उडवू?"

उत्तर ऐकून गंमत वाटेल: फोटो उडवून या मशीनचा वेग जवळपास वाढणारच नाही.

कारण "मेमरी" हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. ओटा असतो आणि वर माळा असतो. ओट्यावर आत्ता लागणाऱ्या वस्तू: पोळपाट, कणीक, फोडणीचं सामान. माळ्यावर वर्षभराचं धान्य आणि दिवाळीचे डबे. रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. माळा रिकामा केला म्हणून ओटा मोठा होत नाही. फोटो, पिक्चर, गाणी हे सगळं माळ्यावरचं सामान.

मग ओटा भरला की काय होतं? कॉम्प्युटर काम थांबवत नाही. तो ओट्यावरची आत्ता न लागणारी वस्तू माळ्यावर टाकतो आणि लागली की परत खाली आणतो. विंडोजमध्ये माळ्यावरच्या या राखीव कोपऱ्याला पेजफाइल म्हणतात. अडचण शिडीची आहे. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून शोधून आणायला साधारण १० मिलिसेकंद. म्हणजे लाखपट फरक! क्लिक केल्यावर डिस्कचा खरखर आवाज येतो आणि स्क्रीन गोठते ना, तेव्हा मशीन शिडीवर चढ-उतार करत असतं. (तुमच्या फोनच्या जाहिरातीत "४ जीबी व्हर्च्युअल रॅम फ्री" लिहिलेलं असतं, ती हीच शिडी बरं का. फोनची स्टोरेज वेगवान असते म्हणून ती एवढी बोचत नाही, पण खरी रॅम ती नव्हे.)

आधी मोजा, मग हात लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी बघा. तिथे "कमिटेड" या शब्दाखाली दोन आकडे दिसतात. रोजचं काम चालू असताना त्यातला पहिला आकडा तुमच्या रॅमपेक्षा सतत बराच मोठा राहत असेल, तर ओटा खरंच अपुरा आहे. "कॅश्ड" हा आकडा मोठा दिसला तर मात्र घाबरू नका. ती रिकामी जागा विंडोजने पुढे लागेल म्हणून भरून ठेवलेली असते, मागितली की लगेच सोडतो.

आता मोकळं काय करायचं? सगळ्यात मोठा खादाड बहुतेक घरांत एकच, ब्राउझर. क्रोममध्ये टॅब साधारणपणे स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालतात, एक्स्टेन्शन वेगळी. क्रोम उघडं ठेवून शिफ्ट आणि एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर येतो, कोण किती खातंय ते दिसतं. कधीतरी कुपनसाठी टाकलेली एक्स्टेन्शन तिथे सापडतात, ती काढून टाका. सेटिंगमधल्या परफॉर्मन्स विभागात "मेमरी सेव्हर" आहे, तो चालू करा. न वापरलेले टॅब तो झोपवतो.

दुसरं, टास्क मॅनेजरमधलाच "स्टार्टअप" टॅब. मशीन चालू होताच न विचारता उठणारे प्रोग्राम इथे दिसतात: प्रिंटरचे मदतनीस, गेमचे लाँचर, चॅटची ॲप. नको ते डिसेबल करा. डिसेबल म्हणजे अनइन्स्टॉल नव्हे, हवं तेव्हा उघडता येतं. अँटिव्हायरस, साउंड आणि टचपॅडच्या नोंदींना मात्र हात लावू नका. विकत घेतलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपून तो नुसताच पडून असेल तर काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप पुढे येतो.

तिसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. विंडोज ८ पासून "शट डाउन" केलं की मशीन बहुतेक वेळा पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर सिस्टिमचा गाभा तसाच डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत येतो. त्यामुळे रोज बंद करूनही अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. आठवड्यातून एकदा "रीस्टार्ट" करा, त्यात सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

"एका क्लिकमध्ये रॅम साफ" म्हणणाऱ्या प्रोग्रामबद्दल विचाराल, तर माझं मत कडक आहे. टाकूच नका. बहुतेक जण चालू प्रोग्रामना ओट्यावरून ढकलतात, आकडा क्षणभर छान दिसतो, आणि पुढच्याच क्लिकला तीच वस्तू परत आणावी लागते. हा धंदा जुना आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत सॉफ्टरॅम ९५ नावाचं सॉफ्टवेअर रॅम दुप्पट करतो म्हणून धडाक्यात विकलं गेलं. लोकांनी आत उघडून पाहिलं तर ते मेमरीवर काहीच करत नव्हतं. १९९६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली. गंमत म्हणजे त्यांनी कबूल केलेलं मेमरी कॉम्प्रेशन आज विंडोज १० मध्ये खरोखर आहे, फुकट, आणि आधीपासून चालू.

एवढं करून फरक पडला नाही तर खर्चाचा विचार करू. पण रॅम विकत आणण्याआधी सेटिंग, सिस्टिम, अबाउट इथे "सिस्टिम टाइप" वाचा. तिथे ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम लिहिलं असेल तर थांबा! ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटीच पत्ते लिहिता येतात, म्हणजे ४ जीबी. त्यातले काही पत्ते ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरला जातात, म्हणून ४ जीबी लावूनही साडेतीनच्या आसपासच वापरता येते. अशा मशीनमध्ये तुम्ही ८ जीबी लावली तर वरची रॅम नुसती बसून राहणार. त्याच ओळीत प्रोसेसर "एक्स ६४" दिसत असेल तर ६४ बिट विंडोज चालू शकतं, पण ते वरच्या वर बदलत नाही, नव्याने टाकावं लागतं. म्हणजे वडिलांच्या बिलांचा बॅकअप आधी, आणि तो पेनड्राइव्हवर उघडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

खरेदीत एक लक्षात ठेवा: डीडीआर ३ आणि डीडीआर ४ च्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही. जुनी पट्टीच काढून दुकानात न्या. काढताना प्लग भिंतीतून ओढा आणि आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज जाईल. माझा सल्ला, एकच खर्च परवडत असेल आणि रॅम ४ जीबी असेल, तर आधी फिरती डिस्क काढून साटा एसएसडी लावा. ओटा तेवढाच राहील, पण शिडीच्या जागी लिफ्ट येईल. रॅम २ जीबी असेल तर मात्र आधी रॅम.

आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. बिलिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचंच असेल तर पर्याय कमी. पण मशीन फक्त फॉर्म, मेल आणि प्रोजेक्टसाठी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवरून नुसती चालवून बघा. आतलं काही न पुसता कळेल, प्रिंटर आणि वायफाय चालतंय का ते.

तुमच्या मशीनचे "कमिटेड"चे दोन आकडे आणि रॅम किती, एवढं व्हॉइस नोटमध्ये सांगा. पुढच्या भागात त्यातली तीन-चार मशीन घेऊन बसू.